इंदूआजीकडे रोज येणारा

संघदीपला ते काम लागलं तेव्हा आम्हा दोघांनाही बरं वाटलं होतं. संघदीप माझा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून पांढरकवड्याच्या घरात आम्ही दोघंच. मी पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते. तो पदवी घेऊन घरी बसला होता. मग नागपूरच्या एका संस्थेनं त्याला घेतलं. गावोगावी जी म्हातारी माणसं घरात एकटी राहतात त्यांना रोज फोन करायचा. जेवलात का, गोळी घेतली का, रात्री झोप लागली का, एवढं विचारायचं. काही अडचण असली तर संस्थेला कळवायची. सगळं घरी बसून. संस्थेनं लॅपटॉप पाठवला, कानाला लावायचा हेडफोन पाठवला, आणि एक नियम सांगितला, की कुणाच्या घरी जायचं नाही. भेटीला माणूस लागला तर संस्था पाठवेल.

आमचं घर हायवेपासून लांब नाही. ट्रक सुरूच असतात. म्हणून तो आतल्या खोलीत दार लोटून बसायचा, आणि त्याचे फोन सुरू असेपर्यंत मी मशीन बंद ठेवून काजं-बटणं करायची. त्यामुळे त्याचं बोलणं मला ऐकू यायचं, पलीकडचं तो बाहेर येऊन सांगायचा. संघदीपचा आवाज फार चांगला. विहारात वंदना तो म्हणायचा तेव्हा लहान पोरंसुद्धा गप्प बसायची. उन्हातून आलेल्याला माठातलं पाणी मिळावं, तसा आवाज. म्हाताऱ्या माणसांना त्याच्याशी बोलायला आवडायचं यात नवल नव्हतं.

त्यातल्या एक इंदूबाई. महागावकडच्या एका खेड्यातल्या. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. नवरा रामराव कधीचा वारलेला, शेत बटईनं दिलेलं, मुलगा नयन पुण्याला. शेजारची नंदाबाई दोन वेळा डबा आणून द्यायची आणि माठ भरून ठेवायची. नयननंच संस्थेत आईचं नाव घातलं होतं. संघदीप तिला आजी म्हणायचा.

"आजी, संघदीप बोलतो. जेवल्या काय?"

"जेवली ना बाबू. तू बोल. तुह्या आवाजानं घर भरल्यासारखं वाटते."

कधी ती म्हणायची, काही बोलू नोको, नुसता फोन चालू ठेव, मी जेवून घेतो. मग आतल्या खोलीत बराच वेळ शांतता असायची, आणि पलीकडे ती आंधळी बाई डब्याच्या झाकणाचा आवाज करत सावकाश जेवत असायची. मध्येच विचारायची, "हायेस ना?" संघदीप म्हणायचा, "हावो आजी."

उन्हाळा लागला. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळायचा नाही. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. ज्याला जावंच लागतं तो डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून जातो. सख्खा भाऊ समोरून गेला तरी ओळखू येत नाही.

अशाच एका दुपारी इंदूआजी त्याला म्हणाली, "काल तू आला बाबू, लय बरं वाटलं."

"कुठं आलो आजी?"

"कुठं म्हणजे? इथं. खाटेवर बसला. माह्ये पाय दाबून देल्ले, केस विंचरून देल्ले."

संघदीप हसला. बाहेर येऊन मलाही सांगितलं. त्याच्या वरच्या मॅडम, सलोनी, त्यांनाही कळवलं. त्या म्हणाल्या, वय झालं की होतं तसं, वाद घालू नको, हो म्हण. तो हो म्हणत राहिला. आजी रोज काहीतरी नवीन सांगायची. आज त्यानं नखं कापून दिली, आज शेजारी बसून जुन्या गोष्टी ऐकल्या. ती खूश होती.

पण एकदा तिनं विचारलं, "बाबू, तुह्या हाताले वास काहून नाही?"

"कसला वास आजी?"

"माणसाच्या हाताले वास असते. मातीचा, साबनाचा, बिडीचा. मले डोळे नाही, मी वासानंच ओळखतो. तुह्या हाताले काहीच नाही."

त्या दिवशी संघदीपनं पुढचा फोन लावला नाही. मी चहा नेऊन दिला तर म्हणाला, "ताई, मले वाटते तिच्याकडं खरंच कोणी येऊन राह्यलं."

त्यानं नंदाबाईचा नंबर मिळवायचा प्रयत्न केला. तिच्याकडे फोन नव्हता. नयनला लावला, तर नयन म्हणाला, "तुम्हीच तर मागच्या आठवड्यात सांगितलं ना, आई मजेत आहे, सुट्टी घेऊन यायची गरज नाही?" संघदीपनं त्याला असा फोन केलाच नव्हता. त्यानं तसं सांगितलंही. नयन कामात होता, बरं बरं म्हणून त्यानं ठेवून दिला.

मग आजीचा आवाज बदलायला लागला. आधी त्याला वाटलं, लाइन खराब आहे. पण तो तिच्या घशाचा आवाज होता. जीभ टाळूला चिकटून सुटावी तसे शब्द यायचे. बोलणंही कमी झालं. संघदीप विचारायचा आणि ती हो किंवा नाही म्हणायची. हो म्हणण्याआधी थांबायची, जणू कुणाकडे पाहून घेत होती. आंधळी बाई कुणाकडे पाहणार, हे मला तेव्हा सुचलं नाही.

एका दुपारी त्यानं मला आत हाक मारली.

"ताई, इकडं ये. ऐक जरा."

त्यानं हेडफोन काढून आवाज खोलीत सोडला. खिडकीला ओला पडदा लावलेला होता, कूलर बंद होता. मी दाराशी उभी राहिले.

"आजी, पाणी पेल्या काय?"

पलीकडे नुसता श्वास. कोरडा, खरखरीत.

"नाही."

"काहून?"

"तूच नाही म्हणतलं ना बाबू."

"म्या कधी म्हणतलं? आजी, पाणी प्या. आत्ता उठा अन प्या."

"आता तू पे म्हणतं..." तिला बोलताना दम लागत होता. "थोड्या वेळानं येतं, अन माठ उपडा करून टाकतं. म्हणतं, पेली तर मी पुन्हा नाही येणार. कोणतं ऐकू मी? मले समजत नाही बाबू..."

"आजी, तो मी नाही. मी पांढरकवड्याले हावो, माह्या घरात. तुमच्याकडं म्या कधी पाय नाही ठेवला."

"असं कसं..." ती म्हणाली. "माह्याजवळ बसून असं म्हणतं..."

आणि मग पलीकडून दुसरा आवाज आला. हळू, समजूत घालणारा, मायेचा.

"आजी, ठेवा आता फोन."

मी संघदीपकडेच पाहत होते. त्याचे ओठ मिटलेले होते. आवाज त्याचा होता. आजी म्हणताना 'जी' थोडं लांबवण्याची त्याची सवय आहे. तेसुद्धा तसंच होतं.

फोन बंद झाला.

त्यानं लगेच सलोनी मॅडमना लावलं. त्या म्हणाल्या, लाइनवर कधी कधी आपलाच आवाज उलटा येतो. तो म्हणाला, "मॅडम, पण मी ते बोललोच नव्हतो." तरी तो फार मागे लागला तेव्हा त्यांनी महागावहून अमरसिंग नावाच्या माणसाला पाठवलं. तो संस्थेची कामं करायचा. संध्याकाळी अमरसिंगचा संघदीपलाच फोन आला, आणि तो चिडलेला होता.

"भाऊ, तुम्ही तिथंच होते तर मले उन्हातान्हात कायले पाठवलं?"

"मी कुठं होतो?"

"आजीबाईच्या घरात. मी दारातूनच विचारलं. तुम्ही म्हणाले, मी संघदीप, सगळं बरोबर हाये, आजी झोपली हाये, जा तुम्ही. मंग मी गेलो."

"चेहरा पाह्यला तुम्ही?"

"दुपट्टा बांधून होता तुमच्या तोंडाले. आवाज तर तुमचाच. आता बोलून राह्यले तसाच."

रात्री सलोनी मॅडमनी त्याला झापलं. घरी जायचं नाही हा नियम माहीत असताना तो गेलाच कसा, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडीवर निघालो. त्यानं लॅपटॉपही पिशवीत घेतला. यवतमाळ, आर्णी करत महागाव म्हणजे जवळ नाही. आर्णीच्या पुढे ऊन असं तापलं, की हँडलवरचे त्याचे हात लाल झाले. दोघांनीही तोंडाला दुपट्टे बांधले होते.

गावात शिरलो तेव्हा भर दुपार होती. सगळी दारं बंद. बैलगाडीखाली एक कुत्रं पडलेलं होतं, त्यानं आमच्याकडे मानही वर केली नाही. तापलेली टिनं मधूनच वाजत होती. विचारायला कुणी सापडेना. तेवढ्यात एका दारातून एक बाई डोकावली आणि ओळखीचं हसली.

"आज लवकर आले भाऊ? अन संगं हे कोण?"

मी म्हटलं, "मी त्याची बहीण. इंदूबाईंचं घर कुठलं?"

"घ्या. भावाले विचारा ना. रोज येते तो." ती नंदाबाई होती. पदरानं वारा घेत म्हणाली, "लय सेवा करते व तुमचा भाऊ. पोटचा पोरगा करत नाही असं. मी डबा न्यायची, तर मले म्हणाले, मावशी, तुम्ही उन्हाचा त्रास घेऊ नका, आता मी हावो. तवापासून मी जात नाही. दार बी आतून लावून घेतात."

संघदीपनं दुपट्टा सोडला. घामानं भिजलेला त्याचा चेहरा तिनं नीट पाहिला.

"आज पहिल्यांदा पाह्यलं तोंड तुमचं," ती म्हणाली.

तिनं बोट दाखवलं ते दार नुसतं लोटलेलं होतं. ज्या घरात माठ भरलेला असतो त्या घराला उन्हाळ्यात एक ओलसर वास असतो. तो तिथं नव्हता. जुनी, उबट धूळ, आणि तिच्या खाली काहीतरी आंबलेलं. माठ कोपऱ्यात उपडा होता. हंडा उपडा, तांब्या उपडा, फुलपात्रसुद्धा उपडं. सगळं ओळीनं, नीट मांडून ठेवलेलं. नंदाबाईचा शेवटचा डबा उघडा पडला होता आणि त्यातल्या भाकरीवर हिरवी बुरशी होती.

इंदूबाई भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हाडांवर लुगडं टाकलं होतं एवढंच. डोक्यावर जागोजागी केस नव्हते, मुठीनं उपटल्यासारखे चट्टे होते. पुढ्यात एक फणी होती, आणि तिच्यात ते केस होते.

"आजी," संघदीप म्हणाला.

तो एवढंच म्हणाला. ती अंग चोरून भिंतीत शिरायला पाहू लागली. मग तिनं आवाजाच्या दिशेनं हात जोडले.

"नाही पेली बाबू. एक घोट बी नाही पेली. तू म्हणतलं तसंच केलं. पाह्य ना... पाह्य माह्या तोंडात, कोरडंच हाये..."

आणि तिनं त्याला दाखवायला तोंड उघडलं. जीभ काळी पडून चिरलेली होती. ती तसंच तोंड उघडं ठेवून थांबली, त्यानं तपासावं म्हणून.

संघदीप मागे सरला आणि घराबाहेर गेला. तिच्यासमोर तो त्यानंतर कधीच बोलला नाही.

मी तिच्याजवळ बसले.

"कोण व तू?"

"ममता. तुम्हाला न्यायला आले मी."

"तो कुठं हाये?"

"गेला."

"नाही जात तो." ती कुजबुजली. "गेल्यासारखं करते. मंग मी माठाकडं सरकली का म्हणते, आजी... पाहून राह्यलो ना मी..."

मी आमच्या बाटलीतलं पाणी तिच्या ओठांना लावलं. तिनं ओठ दातांखाली घट्ट दाबले. नाकपुड्या पाण्याच्या वासानं फुलत होत्या, पण ओठ सुटेनात. शेवटी मी म्हटलं, "आजी, तुम्ही पिऊ नका. मी पाजते. त्यानं विचारलं तर सांगा, मी पेली नाही, त्या बाईनं पाजलं."

तिनं बराच वेळ विचार केला. मग तोंड उघडलं.

नंदाबाईच्या पुतण्याच्या ऑटोतून तिला तालुक्याच्या दवाखान्यात आणलं. सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर आणायचं काम नव्हतं. संघदीप खाटेच्या बाजूला स्टुलावर बसला, तोंडातून आवाज न काढता. पाणी पाजायचं, चादर नीट करायची, माशा हाकलायच्या, सगळं तो मुक्यानं करत होता. तिनं मला विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, "माझा भाऊ. याला बोलता येत नाही."

"गरीब लेकरू," ती म्हणाली. तिनं हात लांब केला. त्यानं मान पुढे केली. तिनं त्याचं कपाळ चाचपलं, डोळे चाचपले, गाल. मग बोटं त्याच्या ओठांवर आली आणि तिथंच थांबली. पुन्हा पुन्हा ओठांवरून फिरली. तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"याले तोंड हाये," ती मला म्हणाली.

"म्हणजे आजी?"

"तो यायचा ना... एकदा दुपट्ट्याखाली म्या हात घातला. म्हटलं लेकराचं तोंड तरी पाहू. तो बोलूनच राह्यला होता तवा. नाकाच्या खाली सपाट होतं व. हनुवटीपर्यंत सपाट. अन बोलून राह्यला होता. तवापासून पाणी बंद केलं त्यानं."

संघदीपचं तोंड तिच्या बोटांखाली होतं. तो हललासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नयन पुण्याहून आला. त्यानं आईची अवस्था पाहिली. तोवर गावाहून नंदाबाईही आली होती. ती काय सांगणार? तिनं जे पाहिलं तेच सांगितलं. हाच भाऊ रोज यायचा, यानंच मला येऊ नका म्हटलं, हाच आतून दार लावायचा. नयननं वॉर्डात सगळ्यांदेखत संघदीपला मारलं. एक थोबाडीत, मग दुसरी, मग मोजण्यात अर्थ नव्हता. संघदीपनं तोंड उघडलं नाही. आजी शेजारीच होती. तो बोलला असता तर तिनं ओळखलं असतं.

"काय झालं व? कोणाले मारून राह्यले?" ती विचारत होती.

नयन त्याला धरून पोलीस ठाण्यात घेऊन गेला, साक्षीला नंदाबाईलाही. मीही मागे गेले. तिथं बसवलं, एकेक विचारलं. संघदीपनं लॅपटॉप दाखवला. रोज त्या वेळी तो पांढरकवड्याहून दुसऱ्या म्हाताऱ्यांशी बोलत होता, ते त्यात होतं. हवालदार कधी त्याच्याकडे पाही, कधी नयनकडे. बाहेर ऊन रणरणत होतं. तेवढ्यात दवाखान्यातून नयनला फोन आला.

आम्ही परत आलो तोवर ती गेली होती. सलाइनची सुई उपटून टाकलेली, पाणी फरशीवर सांडलेलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं.

शेजारच्या खाटेवर एका बाळंतिणीची आई होती. ती संघदीपकडे पाहून म्हणाली, "तुम्ही आत्ताच तर गेलते ना भाऊ? पुन्हा आले?"

नयननं विचारलं, "हा आला होता? कधी?"

"आत्ता. डॉक्टर जेवाले गेले तवा. तोंडाले दुपट्टा होता. आजीच्या कानाशी वाकून हळूहळू बोलत होते. मी म्हटलं, किती मायेनं बोलते माणूस. आजी नुसतं हो बाबू, हो बाबू म्हणत होती. मंग तिनंच सुई काढली. मी सिस्टरले आवाज देला, पण ते येईपर्यंत..."

नयन खाली बसला. तो सगळा वेळ आमच्याबरोबर, हवालदारासमोर होता. संघदीप तिथून हललाच नव्हता, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. त्यानंतर नयन त्याला काही बोलला नाही आणि पोलिसांनीही प्रकरण वाढवलं नाही.

कुणीतरी तुळशीचं पान आणि वाटीत पाणी आणलं. नयननं आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमचा तिच्या ओठांना लावला. ओठ आवळलेले होते. त्यानं बोटानं सोडवून पाहिले. डॉक्टरांनी पाहिलं. ते उघडले नाहीत. पाणी गालावरून ओघळून त्याच्या मांडीवर पडलं. तो तरीही चमच्यामागून चमचा घालत राहिला, वाटी रिकामी होईपर्यंत.

संघदीपनं काम सोडलं. लॅपटॉप, हेडफोन परत पाठवून दिले. आता तो हायवेवरच्या एका टायरच्या दुकानात जातो. गिऱ्हाईकाशी खुणेनं बोलतो. लोकांना वाटतं मुका आहे. घरात मला काही सांगायचं असलं तर अगदी हळू, जवळ येऊन सांगतो, आणि सांगून झाल्यावर आजूबाजूला पाहतो. विहारात आता वंदना दुसरं कुणी म्हणतं.

हे सगळं मी कुणाला सांगत नाही. आज सांगते आहे, कारण आज सकाळी सलोनी मॅडमचा माझ्या फोनवर फोन आला.

आवाजात राग नव्हता, उलट गोडवा होता. "ममताताई, संघदीपला म्हणावं, झालं गेलं विसर आणि परत ये. नवीन मुलीशी कुणी बोलायलाच तयार नाही. फोन केला की म्हणतात, संघदीप बोलला ना आमच्याशी, तू कशाला करते? अहो, काम सोडल्यावरही तो स्वतःहून सगळ्यांना फोन करतो. असा मुलगा कुठं मिळतो?"

माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली.

"काय बोलतो तो त्यांच्याशी?"

"चांगलंच बोलतो हो. विचारपूस करतो, धीर देतो. फक्त दाराला आतून कडी लावत जाऊ नका म्हणतो. रात्री-बेरात्री काही झालं तर लोकांना आत येता यावं म्हणून असेल. तसं बरोबरच आहे त्याचं."

मी विचारत गेले तशी त्यांनी नावं सांगितली. त्यात राजूरचे देवरावबाबा होते. कोळशाच्या खाणीत काम केलेले, कमरेखालचं अंग लुळं पडल्यापासून खाटेवरच असलेले. जवळचं कुणी नाही. संघदीपवर त्यांचा फार जीव होता.

दुपारी तो जेवायला घरी आला तेव्हा मी त्याला सांगितलं. ताट तसंच राहिलं. त्यानं माझा फोन उचलला, बाबांचा नंबर त्याला पाठ होता, तो दाबला, आणि वाजायच्या आधीच तोडला. फोन माझ्या हातात दिला.

"तू बोल ताई," तो अगदी हळू म्हणाला. "मी बोललो तर तोच बोलला असं होईन."

मी लावला. पलीकडे लगेच उचलला गेला, जणू हात फोनवरच होता.

"देवरावबाबा, जयभीम. मी पांढरकवड्याहून बोलते. घाईत आहे, पण नीट ऐका. तुमच्याशी जो बोलतो तो संघदीप नाही. कुणालाही आत घेऊ नका. शेजाऱ्यांना हाक मारा आणि आम्ही येईपर्यंत त्यांना जवळ बसवून ठेवा."

"जयभीम," बाबा म्हणाले. आवाज क्षीण होता, पण खुशीत. "ममता ना तू?"

मी नाव सांगितलं नव्हतं. संघदीपनंही त्यांना माझं नाव कधी सांगितलं नव्हतं. घरचं काही सांगायचं नाही, हासुद्धा नियमच होता.

"तो म्हणालाच होता, ममता फोन करन म्हणे. वाईट नाही म्हणे ते, पण तिले समजत नाही. तिचं मनावर घेऊ नका म्हणे."

"बाबा... तो आत्ता तिथं आहे का?"

फोन त्यांच्या तोंडापासून थोडा दूर गेला, आणि शाळेतल्या पोरानं पाठ म्हणून झाल्यावर मास्तरला विचारावं, तसं त्यांनी कुणाला तरी विचारलं,

"असंच सांगाचं होतं ना?"

संघदीप माझ्यासमोर बसलेला होता. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं. नखं गालात रुतली होती.

"हावो बाबा," पलीकडून त्याचा आवाज म्हणाला. "बरोबर सांगतलं."